येताना किती जण?

कॅनडातल्या त्या गावात हिवाळ्याचे टायर गिऱ्हाइकाची मुलाखत घेतात आणि माणूस पटला तरच त्याच्या गाडीला लागतात.

हेरंब देवस्थळीला हे माहीत होतं, म्हणून घाटात बर्फ पडल्याचं कळताच तो सकाळी दुकानात गेला. बरोबर त्याची आई होती, शशिकलाबाई. वडील गेल्यावर मिरजेचं घर बंद करून त्याने तिला इकडे आणलं होतं. आज घाटापलीकडच्या गावात दत्ताच्या देवळात जायचंय, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

दुकानदाराने चार-चार टायरांचे दोन संच बाहेर काढले. "हे मऊ रबराचे. थंडीत कडक होत नाहीत, बर्फ धरून ठेवतात. हे दुसरे बारमाही. पावसाला उत्तम. बर्फावर मात्र देवाचं नाव घ्यायचं."

टायर गिऱ्हाइकाच्या घरची भाषा बोलतात. मऊ टायरांपैकी एकाने मराठीत सुरुवात केली.

"कुठे जायचं?"

"घाट ओलांडून पलीकडे."

"जाताना किती जण?"

"दोघं."

"येताना?"

हेरंबने मोबाइल काढून उगाच पाहिला.

"वजनाचा अंदाज घ्यायचा असतो, म्हणून विचारलं," टायर म्हणाला. "आणि खोटं ऐकून निघालो तर आमची पकड सुटते. त्याला आमचा इलाज नाही."

"एक," हेरंब म्हणाला.

आई भिंतीपाशी खुर्चीत बसून मफलर सारखा करत होती. तिचे हात थांबले.

"दुसऱ्या माणसाचं काय?" टायरने विचारलं.

"तिथे एक संस्था आहे. म्हाताऱ्या माणसांची चांगली सोय असते. खोलीला मोठी खिडकी आहे."

"त्यांना सांगितलंत?"

"पोचल्यावर सांगणार होतो."

चारही टायर आपसात कुजबुजले. "माफ करा. माणूस फसवून न्यायचा असेल, तर आम्ही येत नाही. बारमाहींना अशी अट नसते."

"आम्ही तयार आहोत," बारमाही टायर लगेच म्हणाले.

"मग तेच लावा," हेरंब दुकानदाराला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"लावतो. पण घाटाच्या उतारावर ब्रेक दाबून उपयोग होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

आई उठली. गुडघ्यावर हात टेकत मऊ टायरांपाशी जाऊन उभी राहिली.

"फसवून कुठे नेतोय तो? मीच म्हणतेय, सोड मला तिकडे."

"हे तुम्ही कधी म्हणालात?"

"आत्ता म्हणतेय ना."

"आत्ता म्हटलेलं चालतं का?" एका टायरने दुसऱ्याला विचारलं.

"निघण्याआधी म्हटलंय. नियमात बसतं."

"मग झालं तर," आई म्हणाली. "आणि हे बघा, त्याला परत यायचंय. घरी सून एकटी आहे. उतारावर नीट धरा."

"आई, अगं मी..." हेरंब म्हणाला.

"चल, उशीर होईल. अंधाराच्या आत तू घरी पोचायला हवंस."

दुकानदाराने टायर बसवले, नट आवळले आणि हवा तपासली. आई तोवर गाडीत जाऊन बसली होती. वाटेत तिने एकदाच विचारलं, खिडकी उघडते का. हेरंब म्हणाला, बहुतेक नाही. तिने बरं म्हटलं. संस्थेच्या दारात तो बॅगा काढेपर्यंत तिने स्वतःच घंटा वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईला हसून नमस्कार केला. त्याच्याकडे वळून म्हणाली, "नीघ आता."

परतताना घाटात धुकं होतं आणि रस्ता गोठून गुळगुळीत झाला होता. टायरांनी उतार घट्ट धरला.

त्या हिवाळ्यात हेरंबची गाडी एकदाही घसरली नाही.