मुलाची नळी, मुलीची नळी

ज्ञानाचं अंतिम ध्येय पहिल्या पानावर येणं हे आहे. ते बरोबरही असावं ही अपेक्षा मागाहून आली, आणि ती सक्तीची नाही.

हे तत्त्व मार्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात पोचायला अंमळ उशीर झाला. तोवर सनोबर-आपा आपल्या मनाने ब्लॉग लिहीत होत्या. त्यांचे यजमान उस्ता मिरहमीद बेशिक करतात, म्हणजे रंगीत लाकडी पाळणे. बेशिकात बाळाला दोऱ्यांनी नीट आवळून ठेवतात, आणि शू गादीला न लागता खालच्या भांड्यात जावी म्हणून एक लाकडी नळी लावतात. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी. (मानवजातीने याहून उपयोगी शोध फार थोडे लावले आहेत, आणि त्यातले बरेचसे आवाज करतात.)

सनोबर-आपांच्या लेखांची नावं अशी असत: 'बाळ रडतंय आणि सासू नुसती मान हलवतेय', किंवा 'दोरी किती आवळायची ते हाताला विचारा, त्याला नाही कळलं तर मला'. महिन्याचे वाचक एक्केचाळीस. त्यात नऊ वेळा त्या स्वतः (शुद्धलेखन), दोन वेळा उस्ता (चुकून), सव्वीस वेळा इकडच्या तिकडच्या सुना, आणि चार वेळा याकुत्स्क.

याकुत्स्क म्हणजे त्यांची मुलगी ओयदिन. दोन वर्षांपूर्वी आईचा शब्द मोडून ती एका खाणवाल्या इंजिनियरशी लग्न करून तिकडे बर्फात गेली. तेव्हापासून मायलेकींचा दर रविवारी फोन होई, पण फक्त हवामानावर. उरलेलं सगळं आपा ब्लॉगवर लिहीत, 'समजा, एखादीला दिवस गेले असतील तर तिने' अशी सुरुवात करून. (एखादीला गेले आहेत का, हे विचारायची सोय नव्हती.) शुक्रवारी ब्लॉगच्या वाचक-नकाशावर याकुत्स्कचा ठिपका लागला की त्या चहात साखर जरा जास्त घालत.

अशा मागास परिस्थितीत मोहल्ला समितीने ठराव क्रमांक सतरा संमत केला: प्रत्येक कारागिराचं घर वर्षअखेरीपर्यंत शोधयंत्राच्या पहिल्या पानावर आलं पाहिजे. त्यासाठी ताश्कंदहून फर्रुख कमोलोव हे तज्ज्ञ आले. त्यांच्याकडे एक तक्ता, दोन फोन आणि प्रचंड दया होती.

"आपा, 'माझ्या आजीने मला शिकवलं' हे कोण शोधतं सांगा," त्यांनी विचारलं.

"आजी शोधायची नसते रे बाबा. ती असतेच."

"लोक 'बेशिक' शोधतात. 'सर्वोत्तम बेशिक' शोधतात. 'बेशिक नळी स्वस्त' शोधतात. तुमच्या या लेखात बेशिक हा शब्द फक्त दोनदा आलाय."

"वाचणारीच्या समोर बेशिक असतो ना. तिला कशाला सारखं सांगू?"

"आणि हे याकुत्स्क काय आहे? ना गिऱ्हाईक, ना जाहिरातीवर बोट. असा वाचक आकडेवारी खराब करतो."

"तू कधी नळी लावली आहेस का?"

"माझं अजून लग्न व्हायचंय."

"बोलण्यात दिसतंय ते."

पण ठराव ठराव असतो. फर्रुख यांनी सगळे लेख शास्त्रशुद्ध केले. एका परिच्छेदात बेशिक चौदा वेळा आला. आजी गेली, सासू गेली, हाताने काढलेली दोन चित्रंही गेली. मुलाची नळी आणि मुलीची नळी असे दोन लेख एकमेकांची गिऱ्हाइकं खातात, असं तक्त्यात निघालं. म्हणून ते जोडून एकच लेख केला गेला: 'सर्वोत्तम बेशिक नळी, मुलगा मुलगी दोघांसाठी, दहा सोप्या पायऱ्या'. खाली सनोबर-आपांचं नाव आणि हसरा फोटो.

यश डोळे दिपवणारं होतं. महिन्याला अकरा हजार वाचक. सरासरी मुक्काम चार सेकंद. (यावरून मजकूर किती चटकन समजतो ते लक्षात यावं.) समितीने मानपत्र दिलं. मोहल्ल्यात वाळत घातलेल्या गाद्यांची संख्या त्याच महिन्यात तिप्पट झाली, पण त्याचं श्रेय समितीने चांगल्या उन्हाला दिलं.

ठिपका मात्र तीन शुक्रवार लागला नाही. सनोबर-आपांनी चहात साखर घालणंच सोडलं.

मग एका मंगळवारी फोन वाजला. वार चुकला होता, म्हणून त्यांनी हातातलं काम टाकून उचलला.

"आई, हवा कशी आहे?"

"कोरडी. तिकडे?"

"उणे एक्केचाळीस. आणि गादी ओली. चौथ्यांदा."

सनोबर-आपा खाली बसल्या.

"तुझंच वाचून लावली ना नळी," ओयदिन म्हणाली. "दोघांसाठी सर्वोत्तम म्हणे. आई, दहा पायऱ्या चढले मी. आधीच्या लेखांत तू बोलायचीस. आता कुणीतरी ओरडतंय असं वाटतं. म्हणून वाचणं सोडलं होतं, पण काल पर्याय नव्हता."

"ते मी नाही लिहिलं."

"खाली नाव तुझं आहे. फोटोत हसतेयस."

"आहे कोण? मुलगा की..."

"मुलगी. अकरा दिवसांची. नाक तुझं, त्यामुळे ऐकणार नाही कुणाचं."

त्यानंतर हवामानाचं नाव कुणी काढलं नाही.

"तिथे बेशिक कुठून आला?" आपांनी विचारलं.

"बाबांनी पाठवला. पिशवीत दोन नळ्या होत्या, चिठ्ठी नव्हती."

अंगणात तुतीखाली उस्ता मिरहमीद आधीच गुळगुळीत असलेला पाळण्याचा पाय पुन्हा घासू लागले.

त्या दुपारी सनोबर-आपांनी एक नवा लेख लिहिला. त्याचं नाव: 'ओयदिन, मुलीची ही, मुलाची ती, आणि तुझे बाबा लबाड आहेत'. दोन चित्रं हाताने काढली. फर्रुख यांच्या अहवालानुसार या लेखात शोधण्याजोगा एकही शब्द नाही आणि तो पाचशेव्या पानापर्यंत कुठेही सापडत नाही. वाचक एक. मुक्काम बावन्न मिनिटं. ठिपका आता रोज लागतो.

उरला प्रश्न मुलीची नळी कोणती आणि मुलाची कोणती हा. तो तुम्हाला मघापासून पडलेला आहे, आणि मी मुद्दामच सांगितलेलं नाही. बोटं शिवशिवतायत तर शोधा खुशाल. पहिल्याच पानावर फर्रुख भेटतील, चार सेकंदांत सगळं समजेल. गादी तुमचीच आहे.