रिसबुडांची नवी गिटार

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले रिसबूड स्वतःचं संत्रं स्वतः सोलत नाहीत. संत्रं त्यांना आवडतं. पण सोलायला उजव्या हाताची नखं लागतात, आणि ती नखं त्यांच्या मते फळांसाठी नाहीत. त्यामुळे थंडीच्या दिवसांत, मी कामावर निघायच्या ऐन घाईत असताना, आमची बेल वाजते. दारात रिसबूड, डाव्या हातात संत्रं.

"वहिनी, जरा एवढं."

मी सोलून देते. वाद घालण्यापेक्षा सोलणं लवकर होतं.

ही नखं गिटारसाठी आहेत. रिसबुडांचं वय त्रेसष्ट, आणि त्यातली अडतीस वर्षं ते गिटार वाजवतायत. डाव्या हाताची नखं कातडीला भिडेपर्यंत कापलेली, कारण त्या बोटांनी तारा दाबायच्या. उजव्या हाताची वाढवलेली, कारण त्यांनी तारा छेडायच्या. रोज सकाळी चहा झाला की ते ही नखं सगळ्यात बारीक पॉलिशपेपरवर घासतात. बाहेर पडले की उजवा हात खिशात. कुणी हात पुढे केला तर ते डावा देतात. एकदा लिफ्टच्या दारात मधल्या बोटाचं नख मोडलं, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं, 'अपघात झाला आहे. भेटायला येऊ नये.' दोघेजण शहाळी घेऊन गेलेच.

खडकीला लष्कराचं सामान तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तेहतीस वर्षं एकच काम. वस्तू हातात घ्यायची, फिरवून बघायची, पास किंवा नापास. निवृत्त झाले तरी काम चालूच आहे. भाजीवाल्याचा दोडका नापास होतो. माझी पुरणपोळी एकदा 'अटींवर पास' झाली होती. अट अशी की पुढच्या वेळी वेलदोडा कमी. 'चालेल' हा शब्द त्यांना अजिबात खपत नाही. प्लंबर त्यांचा नळ बसवून "चालेल की साहेब" म्हणाला, तर हे शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे 'चालेल' म्हटलं की कुणाचा तरी हात जायचा." प्लंबरनं पाना पुन्हा बाहेर काढला.

लग्न केलं नाही. का, असं मी एकदा स्पष्टच विचारलं.

"मी मुली बघितल्या होत्या," रिसबूड म्हणाले. "त्यांनीही मला बघितलं."

आई होती तोवर घरात दोघं होते. आता एकटेच आहेत.

गिटार ते कुणासमोर वाजवत नाहीत. सोसायटी दर गणपतीत विचारते आणि दर गणपतीत तेच उत्तर मिळतं, "तयारी चालू आहे." अडतीस वर्षं तयारी चालू आहे. आम्हाला ती दोन बंद दारांआडून ऐकू येते. मला संगीतातलं काही कळत नाही, पण एका जुन्या गाण्याच्या मध्यावर ते रोज अडखळतात, थांबतात आणि पहिल्यापासून सुरू करतात, एवढं मला कळतं. माझा नवरा तेवढ्यात म्हणतो, "गेली गाडी यार्डात."

अडखळण्याचं खापर रिसबूड गिटारवर फोडत. तीही अडतीस वर्षांची. तिची मान वाकलीय, तारा लाकडापासून इतक्या वर उचलल्यात की खालून पेन्सिल आरपार जाते. ती पेन्सिल त्यांनी मला घालून दाखवलीय. अशा तारा दाबायला जोर लागतो. आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या डाव्या हाताची बोटं सकाळी आखडायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हलक्या हातानं वाजेल असं वाद्य घ्या, नाहीतर वाजवणं सोडा.

नवी गिटार घ्यायचं त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. अठरा वर्षं ते कॅम्पातल्या एका दुकानात दर शनिवारी जातायत आणि दर शनिवारी गिटारी नापास करून परत येतायत. पण डॉक्टरांचं ऐकून आल्यावर ते पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेल वाजली. हातात संत्रं नव्हतं.

"वहिनी, उद्या तुम्ही आणि तुमची गाडी मोकळी आहे का?"

"गाडी आहे. मी का?"

"तुम्हाला संगीतातलं काही कळत नाही. तुमचं मत स्वच्छ असेल."

मी सदाशिव पेठेत एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. माणसं हादरलेली असताना त्यांना फार प्रश्न विचारायचे नसतात, एवढं तिथे शिकलेय. सकाळी दहाला निघू, म्हटलं.

दुकानाचे मालक फर्नांडिस आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त आत आवाज दिला, "रिसबूड अंकल आले, स्टूल आणा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, अंकल पहिल्यांदा आले तेव्हा माझे केस काळे होते."

"तेव्हाही रंगवलेलेच होते," रिसबूड म्हणाले.

तीन गिटारी आधीच निवडून ठेवल्या होत्या. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. रिसबूड मागे बसून एकेक वाजवणार आणि मी कोणती चांगली ते सांगायचं; दर फेरीला क्रम बदलणार. तपासणीची शास्त्रीय पद्धत. मला तिन्ही गिटारी सारख्याच ऐकू येत होत्या, आणि पार्किंगची वेळ संपत आली होती. पण दुसऱ्या फेरीत एक गोष्ट लक्षात आली. तिन्हींतली एक गिटार उचलण्याआधी रिसबूड घसा साफ करत होते. न चुकता. बाकी दोन उचलताना नाही.

"ही," मी घसा ऐकून म्हणाले. तिसऱ्या फेरीत पुन्हा घसा, पुन्हा "ही". चौथ्या फेरीतही.

मी वळले तर रिसबूड गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि फर्नांडिस हात जोडून उभे होते.

"पास," रिसबूड म्हणाले. फर्नांडिसांनी आतून सगळ्यांना बोलावून पेढे वाटले. पेढे दसऱ्यासाठीच आणलेले होते, पण ते अठरा वर्षांसाठी वाटल्यासारखे दिसले.

परत येताना गिटारला मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. रिसबूड तिच्या शेजारी, एक हात तिच्यावर.

"वहिनी, तीसच्या वर नको."

"अहो, मागचे शिव्या देतायत."

"त्यांच्याकडे गिटार नाही."

घरापर्यंत त्यांनी मला सगळी माहिती दिली. पुढची फळी कुठल्याशा थंड देशातल्या झाडाची, फिकट, लोण्यासारखी. तिच्यावर नावापुरतं पॉलिश, कारण जाड पॉलिशनं आवाज दबतो. वर एक डाग नाही, एक रेघ नाही. रिसबुडांनी भिंग लावून पाहिलं होतं. आता चोवीस तास तिला हात लावायचा नाही. घरच्या हवेची सवय होऊ द्यायची. मग वाजवायची.

दुपारी मी दसऱ्याची पूजा उरकली. आमच्याकडे पूजा म्हणजे यादी असते. गाडी, नवऱ्याचा लॅपटॉप, मिक्सर, माझी कात्री. सगळ्यांना हळद, ओलं कुंकू, स्वस्तिक, अक्षता, झेंडू. हातात ताट होतंच, समोर रिसबुडांचं दार उघडं होतं, आणि आत दिवाणावर नवी गिटार उघड्या पेटीत पडलेली. रिसबूड खाली वॉचमनला पेढा द्यायला गेले होते. नवीन वस्तू आणि दसरा, बिनपूजेची राहायला नको. मी आत गेले आणि स्कूटरची करतात तशी तिची साग्रसंगीत पूजा केली. हळद लावली. कुंकवानं स्वस्तिक काढलं. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे ते जरा डावीकडे कललं. मूठभर अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या गिटारच्या भोकात गेल्या. तारांमध्ये झेंडू खोचला आणि पेढा ठेवला.

रिसबूड आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"वहिनी, हे काय?"

"पूजा. दसरा आहे."

ते आत आले. भिंग घेतलं आणि वाकले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग फळीसारखा होत गेला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पातळ पॉलिश म्हणजे काय. आता पुसून टाकावं म्हणून मी धावत जाऊन भांड्यांच्या साबणाचं ओलं फडकं आणलं आणि ते नको नको म्हणेपर्यंत फिरवलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मी तीस वर्षं स्वयंपाकघरात रोज बघते. तेवढा एक क्षण विसरले. पिवळा ठिपका शेंदरी झाला आणि कुंकू रेषारेषांनी लाकडात उतरलं. त्यांनी गिटार उचलली तर आत अक्षता खुळखुळल्या. ती उलटी करून हलवावी लागली. आम्ही दोघं एका मोठ्या खुळखुळ्याशी झुंजत होतो आणि तांदूळ एकेक करून सतरंजीवर पडत होते. मला हसू आलं, ते मी गिळलं.

"मी निस्तरते," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, हळदीचा डाग कशानं जातो. "दातावरचा?" "लाकडावरचा." डॉक्टरांनी मला पाणी प्यायला सांगितलं. फर्नांडिसांना फोन केला, ते आधी बराच वेळ हसले, मग म्हणाले की फळी वरून घासून मिळेल, बनवणाऱ्याकडे पाठवावी लागेल, दोन महिने लागतील. आवाज थोडा बदलेल. किती थोडा, ते सांगता येत नाही.

चोवीस तास उलटले. अठ्ठेचाळीस उलटले. समोरून एक सूर आला नाही. नवी गिटार नाही, जुनी नाही, रोजचं अडखळणंही नाही. नवरा जेवताना म्हणाला, "गाडी यार्डातूनच निघत नाहीये." मी त्याला आमटी वाढली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली घेऊन मी त्यांची बेल वाजवली. आत नवी गिटार दिवाणावर होती, स्वस्तिक वर. जुनी शेजारी भिंतीला टेकलेली.

"चला," मी म्हणाले. "घासून आणू. खर्च माझा, चूक माझी. दोन महिने जुनीवर काढा, बोटांना शेक द्या."

"बसा," रिसबूड म्हणाले.

मी बसले नाही. ते बसले.

"आमच्याकडे दसऱ्याला मोठी पूजा असायची," ते म्हणाले. "वडिलांची, म्हणजे नानांची सायकल, आईचं शिलाई मशीन, सुऱ्या, अडकित्ता. विळीसुद्धा. किसणीला झेंडू असायचा, वहिनी."

"आमच्याकडेही असायचा."

"मी पहिल्या वर्षी गिटार आणून पाटावर ठेवली. आई म्हणाली, ते पलंगाखाली सरकव, पायात येतंय. रागानं नाही हं. खरंच पायात येत होतं." त्यांनी उजव्या हाताची नखं एकदा पाहिली. "दर वर्षी मी सरकवायचो. मग सांगावं लागायचं नाही, आपणच सरकवायचो. आई गेल्यावरसुद्धा दसऱ्याला सकाळी उठून तेच केलं. मला त्या किसणीचा फार राग यायचा."

आता मी बसले.

"डाग पक्का बसलाय," मी म्हणाले. "स्वस्तिक वाकडंही आलंय."

"आलंय. नऊ अंशांनी. मोजलं मी."

"मग घासायची ना?"

"छे!"

ते एवढ्या जोरात म्हणाले की दोघंही दचकलो. मग ते उठले, भिंतीशी टेकलेली जुनी गिटार डाव्या हातानं उचलली, आणि वरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत माझ्यासमोर आणून उभी केली.

"दसरा होऊन गेलाय, मला माहितेय," रिसबूड म्हणाले. "पण तुमच्याकडे कुंकू असेलच ना?"

मी घरी गेले, कुंकू भिजवलं, आणि या वेळी चष्मा लावला.