दोन प्रवासी, पैकी प्रौढ एक

माणूस नेमका कोणत्या दिवशी मोठा होतो, या प्रश्नावर आजवर पुष्कळ विचार झाला आहे आणि त्यातून काहीही निष्पन्न झालेले नाही. सरकार एक वय सांगते, शिंपी दुसरे सांगतो (शिंप्याचे जास्त बरोबर असते) आणि आईवडिलांच्या मते तो मोठा होतच नाही. हा घोळ अखेर एका जहाज कंपनीने मिटवला. तिच्या नियमावलीतले कलम सात मी इथे देतो, कारण इतके स्वच्छ गद्य हल्ली वाचायला मिळत नाही.

'जहाज सुटण्याच्या दिवशी ज्याची एकवीस वर्षे पूर्ण झालेली नाहीत, तो लहान समजला जाईल. लहानास स्वतंत्र केबिन मिळणार नाही. त्याने पंचवीस वर्षांवरील जबाबदार प्रौढाच्या केबिनमध्ये राहावे.'

आता एकवीस ते चोवीस या वयाच्या मंडळींचे काय, असे कुणी विचारेल. उत्तर सोपे आहे. ही माणसे स्वतःपुरती मोठी असतात. दुसऱ्याला पुरतील इतकी नसतात.

मी सदतीस वर्षे तिसरीत काढली. (एकाच इयत्तेत इतकी वर्षे बसलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.) शिक्षक म्हणून मी फार मोठे शोध लावले असे नाही, पण दोन गोष्टी मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगायचो. एक, फळ्यावर लिहिताना बाजूला उभे राहावे, मुलांना दिसले पाहिजे. दोन, एखादे मूल फारच चुळबुळ करू लागले तर त्याच्यावर ओरडू नये, त्याला खडूचा डबा द्यावा आणि सांगावे, "बाळ, एवढे खडू जरा मोजून दे. तुझ्याशिवाय कुणाला नीट जमणार नाही." मूल गंभीर होऊन मोजत बसते. खडू मोजण्याची गरज सदतीस वर्षांत एकदाही पडली नाही.

माझी नात आठ वर्षांची असताना मी तिला शब्द दिला होता की तीसपर्यंतचे पाढे पाठ केलेस तर तुला मोठ्या जहाजातून फिरवून आणीन. मला वाटले होते, निदान दोन वर्षे तरी निघतील. तिने अकरा दिवसांत पाढे म्हणून दाखवले. त्यानंतर मला शब्द पाळायला बारा वर्षे लागली. या बारा वर्षांतल्या सबबींचे वर्गीकरण केले असता माझे गुडघे एकेचाळीस टक्के, हवामान तेहतीस टक्के आणि उरलेले 'पुढच्या वर्षी नक्की' असे निघते.

या वर्षी मात्र पुढचे वर्ष नव्हते. नात नर्स झाली होती आणि महिनाअखेरीस तीन वर्षांसाठी दूरच्या देशातल्या इस्पितळात रुजू व्हायची होती. मी बहात्तरचा. शिवाय गेल्या महिन्यात दूध आणायला गेलो असता घराकडचा रस्ता दुसऱ्याच गल्लीत गेला. (रस्ता गेला, मी नाही. मी होतो तिथेच उभा होतो, दोन तास.) तेव्हापासून घरात माझ्याकडे बघण्याची एक नवीन पद्धत सुरू झाली होती. मुलाने बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायची गोष्ट काढली, मी नको म्हटले. सुनेने फिरायला सोबत येते म्हटले, मी फिरणेच बंद केले. मला कुणी सांभाळावे हे मला चालत नाही. सांभाळण्याचा धंदा माझा आहे.

तर आम्ही दोघे जहाज कंपनीच्या कचेरीत गेलो. काचेच्या पेटीत जहाजाचा नमुना, दोरीने बांधलेले पेन, खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेल्या बुकिंगच्या बाई. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर सुटण्याच्या तारखांचा तक्ता.

"किती जण?" बाईंनी विचारले.

"एक मोठा, एक लहान," मी म्हणालो.

"आजोबा!" नात म्हणाली. "मॅडम, मला वेगळी केबिन हवी. आजोबा पहाटे चारला उठून रेडिओ लावतात."

"वय?"

"वीस. एकवीसला दोन दिवस कमी आहेत, म्हणजे जहाज सुटेल तेव्हा."

बाईंनी कलम सातवर बोट ठेवले. चौदा खाटांचा वॉर्ड एकटीने सांभाळणारी, माणसाच्या शिरेत सुई घालणारी मुलगी एका पलंगावर एकटी झोपण्यास अपात्र ठरली. मी चेहरा दुःखी केला. मनातून मला कलम सात इतके आवडले की ते लिहिणाऱ्याला भेटून पाठ थोपटावीशी वाटली.

तेवढ्यात माझी नजर तक्त्यावर गेली. आमचे जहाज नऊ तारखेला सुटणार होते, नातीचा वाढदिवस अकराला आणि पुढचे जहाज एकोणीसला. म्हणजे दहा दिवस थांबले की ही कायदेशीर मोठी होणार, हिला वेगळी केबिन मिळणार आणि मी प्रवासाचे पाचही दिवस भिंतीपलीकडून खोकणार. तिसरीतल्या मुलालाही सुटेल असे गणित होते. सदतीस वर्षे मुलांपासून उत्तर लपवू नये असे सांगत आलेला मी उठलो आणि खिडकीसमोर, तक्ता पूर्ण झाकला जाईल असा, बरोबर मधोमध उभा राहिलो.

"बरं," नात म्हणाली. "एकच केबिन द्या मग." आणि तिने नखे बघायला सुरुवात केली.

बाईंनी मला 'जबाबदार प्रौढाचे प्रतिज्ञापत्र' दिले. अकरा पाने. मी ते नऊ दिवस भरले. लहान कठड्यावर चढल्यास काय कराल? (खाली उतरवीन.) लहान हरवल्यास? (नाव घेऊन हाका मारीन, तीन हाका, मध्ये थांबून.) लहानाच्या आवडीनिवडी? इथे जागा पुरेना म्हणून मी पुरवणी जोडली. लहानास पोहता येते का, याला मी 'उत्तम' लिहिले आणि मग प्रामाणिकपणे कंसात 'मला नाही' असे घातले. घरात कुणी आवाज केला की मी नुसता हात वर करायचो आणि सगळे गप्प व्हायचे. बऱ्याच महिन्यांनी माझा हात चालला.

नातही मदतीला आली. "जबाबदार प्रौढाचा सराव नको का, आजोबा?" म्हणाली. मग आमच्या बैठकीत रोज संध्याकाळी सराव होऊ लागला. उशीला पट्टे शिवून तिने लाइफ जॅकेट केले. ते दोन मिनिटांत बांधायचे. नऊ प्रयत्नांत मला एकदा जमले आणि त्या वेळी तिने बांधले होते. ती दुसऱ्या खोलीत जाऊन भोंगा वाजवायची आणि मी ऐकू आला की टाळी द्यायची. पाचांपैकी तीन टाळ्या बरोबर पडल्या. (राहिलेल्या दोन मी भोंगा वाजायच्या आधीच दिल्या, त्या धरल्या नाहीत.) मग तिने जिन्यातल्या चार सारख्या दारांवर नंबर चिकटवले आणि मला खाली पाठवून आपले दार शोधायला लावले. मी शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, म्हणून वेळ लागला.

नात हे सगळे एका वहीत टिपून घेत होती. मला वाटले, शिकते आहे. मी हळूहळू, तिला लिहिता येईल अशा बेताने करून दाखवत होतो.

आठ तारखेला आम्ही पास घ्यायला गेलो. मी अकरा पाने आणि पुरवणी दोन्ही हातांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"किती सुंदर अक्षर हो!" त्या म्हणाल्या. "हे तुमच्याकडेच ठेवा, काका. आठवण म्हणून."

"ठेवा म्हणजे? कलम सातचं काय?"

"ते केबिन एक असली की आपोआप पुरं होतं. त्याला कागद लागत नाही. हे प्रतिज्ञापत्र शाळेच्या सहली घेऊन येतात ना, त्या मास्तरांसाठी असतं. या ताई म्हणाल्या होत्या, सगळ्यात जास्त पानांचं असेल ते द्या."

"कधी म्हणाल्या?"

"तुम्ही दोघं आलात त्याच्या दोन आठवडे आधी. अर्ज करून गेल्या तेव्हा." आणि बाईंनी खरा कागद खिडकीतून पुढे सरकवला.

तो कलम बारा खालचा अर्ज होता. सत्तर वर्षांवरील ज्या प्रवाशाला मदतीची गरज आहे, त्याच्या केबिनमध्ये अठरा वर्षांवरील एक सहायक असावा. खाली तेव्हा रिकाम्या सोडलेल्या चौकटींत नातीने मागाहून येऊन वहीतली माहिती भरली होती. लाइफ जॅकेट : नऊपैकी शून्य. (मी एक धरत होतो.) भोंगा : पाचपैकी तीन. आपली केबिन ओळखणे : नाही, पण शेजारी माणसे चांगली असल्यास चालेल.

म्हणजे कलम सातप्रमाणे ती लहान होती आणि मी तिला सांभाळणार होतो. कलम बाराप्रमाणे मी तसा होतो आणि ती मला सांभाळणार होती. कंपनीला यात काही विसंगत वाटत नाही, कारण ही कलमे वेगवेगळ्या पानांवर आहेत.

"मग वेगळी केबिन कशाला मागितलीस?" मी नातीला विचारले.

"मी तुम्हाला सांभाळायला येते म्हटलं असतं, तर आला असतात?"

मी पुरवणीची पाने नीट लावू लागलो.

"आणि एकोणीसचं जहाज दिसलं होतं मला."

"मी मध्ये उभा होतो."

"होतात की. पण आजोबा, तुम्ही आता माझ्या खांद्याला लागता. तुमच्या डोक्यावरून सगळं दिसत होतं."

अर्जाच्या तळाशी 'प्रवाशाची संमती' अशी एक रिकामी रेघ होती. सही झाल्याखेरीज पास मिळत नाही, असे बाई हळू आवाजात म्हणाल्या आणि उगाचच ड्रॉवर आवरू लागल्या. नात जहाजाच्या नमुन्याकडे बघत होती. ती आठ वर्षांची असताना सत्ताविसाच्या पाढ्यात अडली होती, तेव्हा अशीच भिंतीकडे बघत उभी होती. तेव्हा मी थांबलो होतो. आता ती थांबली होती.

दोरीने बांधलेले पेन मी ओढले. दोरी आखूड होती, वाकावे लागले.

"वरचा पलंग कुणाचा?" सही करून मी विचारले.

"माझा."

"पडशील."

"कठडा आहे त्याला."

"बघून ठरवीन," मी म्हणालो. जबाबदार प्रौढाने एवढे तरी म्हटलेच पाहिजे.

वाचकहो, तुम्हाला माझे हसू येत असेल. अवश्य हसा. फक्त जाता जाता एक चौकशी करतो. सध्या घरात तुमच्याकडे एखादे महत्त्वाचे काम सोपवलेले आहे का? जुने फोटो तारखेप्रमाणे लावायचे, जुन्या किल्ल्यांपैकी कोणती कशाची ते शोधायचे, तुमच्याशिवाय कुणाला नीट जमणार नाही असे? आणि ही गोष्ट तुमच्या हातात कुणी आणून दिली? "जरा वाचून सांगा ना, कशी वाटते," असे म्हणूनच ना?

मग सावकाश वाचा. वाचून झाली असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाचा आणि या खेपेला शब्द किती भरतात ते मोजून ठेवा. कुणी विचारणार नाही. तरी मोजून ठेवा.