'पुट अप विथ'ची स्थळप्रत

हेडक्लार्कांचा संसार तसा सुरळीत चालला होता. एका रविवारी सकाळी त्यांनी लेकीची इंग्रजीची वही स्वतःकडे ओढून घेतली आणि तिथून सगळं बिघडलं.

वहीत गृहपाठ होता. 'पुट अप विथ' या क्रियापदाचा अर्थ सांगा, चार समानार्थी शब्द लिहा आणि घरातल्या अनुभवावरून पाच वाक्यं करा. लेकीनं आधी आईलाच विचारलं होतं, आणि आईनं कपडे वाळत घालता घालता "सहन करणं. लिही आणि ऊठ," असं सांगून विषय मिटवला होता. इथंच हेडक्लार्कांचं डोकं फिरलं. बावीस वर्षं ऑफिसचा इंग्रजी पत्रव्यवहार एकहाती ओढणारा माणूस घरात धडधाकट बसलेला असताना पोरीला दोन शब्दांवर वाटेला लावायचं म्हणजे काय? (बायकोच्या मते तो माणूस बसलेला नव्हता, लोळत होता. पण तो मुद्दा वेगळा.)

त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला आणि लेकीला समोर बसवलं. टॉलरेट म्हणजे आवडत नसताना चालवून घेणं. एन्ड्युअर म्हणजे तेच, पण त्याला मुदत नसते, संपता संपत नाही. बेअर म्हणजे ओझं वाहावं तसं वाहणं. आणि स्टमक म्हणजे घशाखाली उतरत नाही ते उतरवणं. या चारही छटा पोटात घेऊन जे उरतं ते 'पुट अप विथ', आणि ते या घरात नेमकं कोण करतं हे सांगताना हेडक्लार्कांचा आवाज जरा कापरा झाला. लेकीनं जांभई दिली.

मग वाक्यं. खोटं लिहून खाली सही करायची नाही, हा हेडक्लार्कांचा बाणा. त्यामुळे वाक्यं अगदी मनापासून आली. ती अर्थात इंग्रजीत होती, पण मतलब असा: बायकोचा पाणचट चहा मी रोज टॉलरेट करतो. सासूबाईंचा मुक्काम मी तीन महिने एन्ड्युअर करतो आहे. मेहुणीचे तास-तासाचे फोन मी बेअर करतो. फ्रीजमधली परवाची भाजी मी मुकाट्यानं स्टमक करतो. आणि शेवटचं, ज्यावर ते स्वतःच खूश झाले: हे सगळं मी एक शब्दही न बोलता पुट अप विथ करतो.

कच्चा मसुदा लेकीला उतरवून घ्यायला दिला. पण हाताखालून गेलेल्या कागदाची आपल्याकडे एक प्रत राहिलीच पाहिजे, ही ऑफिसातली सवय. त्या प्रतीला तिथं स्थळप्रत म्हणतात. ती नसल्यामुळे हेडक्लार्कांच्या देखत भलेभले गोत्यात आले होते. म्हणून त्यांनी दुसऱ्या कागदावर पाचही वाक्यं सुवाच्य अक्षरात काढली, खाली सही ठोकली, तारीख घातली आणि कागद 'शाळा' नावाच्या फाईलला लावून टाकला.

पुढच्या शनिवारी शाळेत पालकांची सभा होती. वर्गातला सर्वांत चांगला गृहपाठ भिंतीवर लावतात, आणि या वेळी तो आपल्या लेकीचा आहे, हे कळल्यावर हेडक्लार्कांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोलाही बरोबर घेतलं. वर्गात पाहतात तर भिंतीपाशी ही गर्दी. त्यातल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. अखेर कुणाला तरी आपलं दुःख कळलं, असं वाटून हेडक्लार्क पुढं सरकले आणि वाचू लागले.

चहाला रोज नावं ठेवणाऱ्या बाबांना आई टॉलरेट करते. बाबांचा स्वभाव आजी तीन महिने एन्ड्युअर करते आहे. मावशीचा फोन आला की बाबा मुद्दाम टीव्ही मोठा करतात, ते आई बेअर करते. बाबांनी एकदा भात केला होता, तो आम्ही सगळ्यांनी स्टमक केला. हे सगळं आई एक शब्दही न बोलता पुट अप विथ करते.

खाली लाल शाईत दहापैकी दहा.

इंग्रजीच्या बाईंनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले आणि तुमचं फार कौतुक वाटतं, म्हणाल्या. कुणीतरी तिला बसायला खुर्ची दिली. हेडक्लार्कांना कुणी दिली नाही. त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. हा उघड उघड दरोडा होता. त्यांचं सोसणं दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या नावावर चढवलं होतं. पण बोलायचं कसं? ही वाक्यं मूळची माझी आहेत म्हणावं, तर पोरीचा गृहपाठ बापानं केला हे बाईंसमोर उघड होणार. गप्प बसावं, तर तो भात कायमचा भिंतीवर. शेवटी त्यांनी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

घरी आल्या आल्या त्यांनी लेकीला उभं केलं. ती मुळीच घाबरली नाही.

"बाबा, तुमच्या वाक्यात 'माझी बायको' होतं. मला कुठं आहे बायको?"

गृहपाठ कुणाचा आहे, हे बावीस वर्षांच्या अनुभवाच्या भरात हेडक्लार्कांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. लेक पुढं सांगू लागली, मग मी आजीला विचारलं, की आपल्या घरात सगळं सोसतं कोण. आजी म्हणाली, तुझी आई. म्हणून तेवढी नावं बदलली.

सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

बायको मात्र हसली, आणि ते हसणं हेडक्लार्कांना झोंबलं. या घरात सोशिक कोण, याचा निकाल आज लागलाच पाहिजे, आणि तोही कागदोपत्री. तोंडी बोलण्याला अर्थ नाही. पुरावा पाहिजे, आणि पुरावा आपल्याकडे आहे. ते तरातरा आत गेले, 'शाळा' फाईल घेऊन आले, आणि सही-तारखेसकट ती स्थळप्रत त्यांनी बायकोच्या पुढ्यात आपटली.

"वाच. मूळ काय होतं ते नीट वाच."

तिनं वाचलं. मोठ्यानं वाचलं, आणि आपल्या आईला इंग्रजी येत नाही म्हणून एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. पाणचट चहा झाला. सासूबाईंचा मुक्काम झाला. शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. तिसऱ्या वाक्याला हेडक्लार्कांच्या लक्षात आलं, की हा कागद ज्यांच्यापासून जपून ठेवायचा होता, त्या दोघींच्याच हातात आपण तो आणून दिला आहे. कागद परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला, पण बायकोनं आधीच त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं होतं. समासात, ते स्वतः ऑफिसात लिहितात तिथंच, तिनं शेरा मारला: 'पाहिले. इतका त्रास नको. उद्यापासून चहा, भाजी सर्व बंद.' सासूबाईंनी खाली 'सहमत' लिहिलं आणि मुक्काम आणखी तीन महिने वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पेपर वाचत बसली आणि हेडक्लार्कांनी चौघांचा चहा केला. बायकोनं एक घोट घेतला.

"पाणचट नाही झाला," ती म्हणाली, आणि कप पलीकडं सरकवून ठेवला. सासूबाईंनी सरकवला. एरवी दूध पिणाऱ्या लेकीनंसुद्धा वास घेऊन सरकवला.

खोटं लिहून सही करायची नाही म्हणणाऱ्या हेडक्लार्कांच्या त्या कागदावर खोटं असं एकच वाक्य होतं, शेवटचं. ते त्या सकाळी खरं झालं. चारही कप त्यांनी संपवले, एक शब्दही न बोलता.