आमच्या ड्रायरचे उकंडराव

उकंडराव आमच्या घरी आले की "काय चाललंय" वगैरे कधी विचारत नसत. चपला काढायच्या, बैठकीतून सरळ मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं, कपडे वाळवायच्या मशीनची, म्हणजे ड्रायरची जाळी बाहेर ओढायची, तिच्यावर जमलेली करडी लव बोटाने खरवडायची आणि तिचा गोळा आणून माझ्या तळहातावर ठेवायचा. मग म्हणायचं,

"ताई, हे काय हाये?"

"लव आहे. काल काढली होती हो मी."

"काल काढली ते कालच्या कपड्याची. हे आजची. हे रुई हाये, ताई, पिंजला कापूस. रुई कोणाले विचारून पेटत नाई."

आणि जसे आले तसे निघून जात. मी भाजीची सुरी एका हातात आणि लवेचा गोळा दुसऱ्या हातात घेऊन आपल्याच स्वयंपाकघरात गुन्हेगारासारखी उभी. मी तीस वर्षं ग्रंथालयात नोकरी करते आहे. शेकडो पोरांना "शांतता राखा" म्हणून गप्प बसवलं आहे. पण हा माणूस उलट मलाच गप्प बसवायचा, आणि त्याचाच जास्त संताप यायचा.

सावंगीला आमचं आणि त्यांचं घर पाठीला पाठ लावून आहे. आमच्या मागच्या खोलीची भिंत हीच त्यांच्या अंगणाची भिंत. उकंडराव हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. बायको जाऊन सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. एकट्याचा स्वयंपाक करतात आणि उरलेला वेळ जगाच्या निष्काळजीपणावर चिडण्यात घालवतात. गॅसची नळी, रस्त्यावर लोंबणारी वायर, मोटारसायकलवर तिघं बसून जाणारे विद्यार्थी, सगळ्यांवर. आमच्याकडे ड्रायर आला आणि त्यांच्या संतापाला कायमचा पत्ता मिळाला.

ड्रायर आला तो माझ्या मुलीमुळे. मृणाल बाळंतपणाला आली, आषाढात तिला मुलगी झाली, आणि आठ दिवस झडी लागली. घरात जिथे पाहावं तिथे लंगोट. खुर्च्यांवर, दारांवर, देवघराच्या कडीवरसुद्धा. जावयाने पुण्याहून फोनवर ते दृश्य पाहिलं आणि तिथल्या तिथे ड्रायर मागवला.

मशीन उतरवताना उकंडराव भिंतीवरून पाहत होते. "हे काय आणलं?" मी सांगितलं. त्यांनी मान उंचावून खोकं नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या इकडं उन्हाळ्यात विटकर ठेवली तं वाळून भुगा होते, अन तुमी कपडे वाळवायले इजेची भट्टी आणली."

"पण आत्ता पाऊस आहे ना, भाऊ."

"तं थांबा ना जरासं. पाऊस का जन्मभर राह्यते?"

लंगोट थांबत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला. त्याने ती भिंतीला चिकटवली, गरम हवेचा पाइप मागे दाबून दोन वेढे देऊन खिडकीतून बाहेर काढला, वायर पोचेना म्हणून आमच्याच टीव्हीचा एक्स्टेंशन बोर्ड जोडून दिला, आणि सही घ्यायला कागद पुढे केला. तेवढ्यात उकंडराव आत आले.

"पाइप मोडला हाये," ते म्हणाले.

"चालतं, काका."

"कोणाचं चालते?"

"सगळीकडे असंच बसवतो आपण. काही होत नाही."

उकंडरावांचा चेहरा तांबडा झाला. "जिनिंगमंदीही असंच म्हणत, काही होत नाई. रुईच्या गठाणीत ठिणगी गेली तं तीन दिवस आतमंदी झोपून राह्यते बाप्पा. चौथ्या दिवशी गोदाम. तवा हे 'काही होत नाई'वाले कुठी असते, मले सांग."

तो माणूस सही घेऊन गेला. उकंडराव गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी छिन्नी-हातोडा आणून आमची भिंत फोडली. त्यांच्याच अंगणाकडची. पाइप सरळ गेला पाहिजे, हात-दीड हातात बाहेर निघाला पाहिजे, आणि तेवढ्या जवळ बाहेर म्हणजे फक्त त्यांचंच अंगण होतं. आमच्या कपड्यांची वाफ आणि लव त्यांच्या कढीपत्त्यावर पडू लागली, त्याबद्दल अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी वायरमनला धरून आणलं आणि जाड वायरीचं वेगळं बटण बसवून घेतलं. एक्स्टेंशन बोर्ड स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेले. आमचा टीव्ही चार दिवस बंद होता.

मशीनसोबत एक पुस्तिका आली होती, ती आम्ही प्लास्टिकमधून काढलीसुद्धा नव्हती. उकंडराव ती मागून घेऊन गेले. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण चित्रं होती, आणि काही चित्रांवर फुली होती. ती फुलीची चित्रं त्यांना तोंडपाठ झाली. ते स्वतः भाजी घ्यायला निघाले असले तरी खिडकीतून त्यांचा आवाज यायचा: "ताई, रबराची चटई टाकली नाई ना? फुली हाये." "मशीन लावून भाईर चालले का? फुली हाये." एकदा जावई बाळाला बघायला आला असताना मी त्याच्या पँटचे खिसे न तपासता ती मशीनमध्ये टाकली आणि आतून लायटर निघाला. तो दिवस मी आठवूच इच्छित नाही. जावई सिगारेट ओढतो हे मला त्याच दिवशी कळलं, आणि उकंडरावांना माझ्याआधी कळलं.

मृणालने तीन आठवडे सहन केलं. बाळंतीण बाई, रात्रीची झोप नाही, त्यात दिवसातून तीनदा हे गृहस्थ घरात. श्रावण लागल्यावर एका दुपारी तिने मशीन लावली, आणि बाळ रडलं म्हणून ती आत जाऊन पाजत बसली. बाहेर येते तो मशीन बंद आणि उकंडराव जाळी हातात घेऊन उभे.

"जाळी न काढता लावली," ते म्हणाले. "चालू मशीन बंद करा लागली मले."

मृणाल फार हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, हे आमचं घर आहे. मी कधी उठते, कधी बसते, काय धुते, हे सगळं तुम्हाला माहीत असतं. मला याचा त्रास होतो. तुम्ही तुमच्या घरी बघा ना."

त्यांनी जाळी जागेवर बसवली. नीट बसली का, हे दोनदा दाबून पाहिलं. चपला घातल्या आणि गेले.

मला खोटं बोलायचं नाही. मला बरं वाटलं. पंधरा दिवस घरात कोणी लवेचा गोळा घेऊन आलं नाही. मीच मृणालला म्हटलं, "कोणीतरी बोलायलाच हवं होतं."

सोळाव्या दिवशी मी ग्रंथालयात होते. दुपारी दीडच्या सुमाराला फोन वाजला. उकंडरावांचा.

"ताई, तुमच्या घरी मी येत नाई, पण मी तुमच्या दारात उभा हावो. पोरगी फोन उचलत नाई, बेल ऐकत नाई. तुमच्या पाइपातून जळक्या तेलाचा वास येऊन राह्यला. मेन स्विच मी भाईरून पाडला. तुमी तिले फोन करत राहा. मशीनचं दार उघडू नोको म्हणा, पोरीले घेऊन भाईर ये म्हणा."

त्यांचा आवाज इतका शांत होता की मला आधी काही कळलंच नाही. मग मी मृणालला अकरा वेळा फोन लावला. बाराव्यांदा तिने उचलला, झोपेतल्या आवाजात "काय गं" म्हणाली. मी सांगितलं ते तिने शब्दशः केलं, बाळाला उचललं आणि बाहेर आली.

मी रिक्षाने पोचले तेव्हा मागच्या खोलीच्या दारातून धूर झिरपत होता, फार नाही, धुपाटण्यातून यावा एवढा. उकंडरावांनी आग विझवणाऱ्यांना आधीच फोन केला होता. दाराशी वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या होत्या. त्यांच्या घरी अशा बादल्या भरलेल्याच असतात, यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो होतो. मृणाल ओट्यावर बसली होती आणि बाळ उकंडरावांच्या हातात होतं. लहान मूल कधी घेतलंच नव्हतं त्यांनी, हे दिसतच होतं. दोन्ही हात पुढे ताठ धरून, काचेची बरणी धरावी तसं. बाळ मजेत त्यांच्या मिशीकडे पाहत होतं.

गाडी आली, माणसं आत गेली, मशीन थंड होऊ दिली आणि मग दार उघडलं. आत बाळाच्या मालिशीची फडकी होती. जुन्या धोतराचे तुकडे. मालिश करणारी बाई तिळाचं तेल त्यालाच पुसायची. आम्ही ती बाळाच्या सौम्य साबणात धुवायचो, तेल काही पुरतं निघत नसे. त्या दिवशी ती तापून निघाली आणि शेवटची दहा मिनिटं मशीन कपडे नुसते गार करते ना, तेव्हाच मृणालने ती बंद केली, आवाजाने बाळ उठेल म्हणून. गरम फडक्यांचा तो गोळा तसाच आत राहिला आणि आपल्याच उष्णतेने जळत गेला. मधली फडकी भाजलेल्या पापडासारखी झाली होती, हात लावला की चुरा.

"दार उघडलं नाही हे बरं केलं," त्यांच्यातला एक जण म्हणाला. "वारा लागला असता तर भडकली असती."

गाडी गेली आणि उकंडराव सुरू झाले. अर्धा तास. कंपनीवर, जावयावर, मालिशवाल्या बाईवर, माझ्यावर. "तेलाचा कपडा मशीनीत टाकाच नोका. दोरीवर टाका. दोरी का तुमाले चावते? अन गरम कपडे गोळा करून ठेवा नोका, काढा, झटका, पसरवा. चित्र हाये ना पुस्तकात. माह्यासारख्या अडाण्याले समजलं." मृणालला मात्र एक शब्द नाही. बोलताना तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. मीच मग खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

दोन दिवसांनी रोहण्याहून त्यांची धाकटी बहीण आली. राखी होऊन चार दिवस झाले होते. ती त्यांच्या घरी पाच मिनिटं थांबली असेल, तडक आमच्याकडे आली.

"तुमचीच का वो ते मशीन?" तिने विचारलं. चेहरा भावासारखाच तांबडा.

"हो. का?"

"राखीले आला नाई तो. दर वर्षी येते, या वर्षी नाई. फोन केला तं म्हणे, दुपारी शेजारच्या पोरीची मशीन चालू राह्यते, मले हालता येत नाई. मी म्हटलं, अरे तुले तं घरातून काढलं ना त्यायनं? तं म्हणे, घरातून काढलं, अंगणातून थोडी काढलं. पंधरा दिवस झाले, त्या पाइपाच्या भोकापाशी खुर्ची टाकून बसून राह्यते. डब्बाही तिथीच खाते. पाऊस आला तं छत्री घेऊन बसते. म्हणे, पोरगी रातभर जागते, दिवसा तिचा डोळा लागला तं मशीनीकडं ध्यान द्यायले कोणी पाहिजे."

मृणाल बाळाला थोपटत होती. तिचा हात थांबला. मग ती उठली, बाळाला घेऊन बाजूच्या गल्लीने त्यांच्या अंगणात गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. परत आली तेव्हा बाळ तिच्याजवळ नव्हतं. "झोपलंय त्यांच्याजवळ," एवढंच म्हणाली, आणि स्वतःही दोन तास गाढ झोपली.

मशीन दुरुस्त होऊन आली. दसरा झाला, मृणाल बाळाला घेऊन पुण्याला गेली. मग घरात मी एकटी. माझ्या दोन साड्या गच्चीवर टाकल्या की चहा होईपर्यंत वाळतात, असं आमचं ऊन. मशीनला हात लावायचं कारणच उरलं नाही. मी तिची वायर काढून ठेवली.

आठवडाभर उकंडराव दिसले नाहीत. एका दुपारी गच्चीवरून सहज खाली पाहिलं. ते पाइपापाशी खुर्ची टाकून बसले होते. पेपर नव्हता, डबा नव्हता. नुसते बसले होते.

मी खाली आले. कपाटातले दोन धुतलेले, घडी केलेले टॉवेल काढले, नळाखाली भिजवले, पिळले आणि मशीनमध्ये टाकून बटण दाबलं.

पाच मिनिटांत ते दारात.

"दोन टॉवेलासाठी मशीन? अन भाईर एवढं ऊन पडून राह्यलं. इजेचं झाड लावलं का मागं?"

"बसा, भाऊ. चहा टाकते."

ते मागच्या खोलीत स्टुलावर बसले. मी चहा दिला. मशीन फिरत होती. कपबशी खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारलं,

"पुण्यात तिच्या घरी ऊन येते का?"

"येतं. मोठी गॅलरी आहे. दुपारपर्यंत ऊन असतं."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले, आणि मशीन थांबेपर्यंत बसून राहिले.