वानखेडेकाकांचा वाद्यवृंद

जयपूरच्या मे महिन्यात, बाहेर लू सुटलेली असताना, आमचे शेजारी वानखेडेकाका गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसतात. आदर्श नगरात बदली होऊन आलो तेव्हा मी घाबरून विचारलं, "बरं नाही का काका?"

"मले काय होते? तिथं बर्फ पडून राहिला नं, साहेब."

तिथं म्हणजे नॉर्वेत. काका मूळचे अकोल्याचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, काकूही गेल्या, आणि मग कधीतरी मोबाइलवर त्यांना नॉर्वेतल्या एका बंदराचा जुना वाद्यवृंद सापडला. त्याचा इंग्रजी इतिहास त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. आता ते त्याला 'आपले लोक' म्हणतात.

"आपले लोक सुरुवातीले हौशीच होते. मास्तर, व्यापारी, औषधवाले. दिवसभर धंदा अन् संध्याकाळी व्हायोलिन. लढाईत शहर परक्याच्या हाती गेलं, तरी वाजवत राहिले."

भाजीवाला भैयाही आता कांदे तोलता तोलता विचारतो, "बाबूजी, नॉर्वे में सब ठीक?"

"रिहर्सल चल रही है," काका गंभीरपणे सांगतात.

दुपारी ते बोलू लागले की मला गुंगी येई. कूलरची घरघर समुद्रासारखी वाटे, वाळ्याच्या ओल्या वासात कुठलंसं जहाज धक्क्याला लागे, आणि पावसात भिजलेली माणसं वाद्यांच्या पेट्या छातीशी धरून उतरत. डोळे उघडावेत तर समोर काका, घामाने निथळत.

त्यांना एकच गोष्ट डाचत होती. वृंदाच्या एका जुन्या फोटोत सगळ्यांची नावं होती, फक्त मागच्या रांगेतल्या एका बाईपुढे 'अज्ञात' असं छापलेलं. काकांनी तिथल्या कार्यालयाला पत्रांवर पत्रं धाडली.

गेल्या रविवारी उत्तर आलं. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी शोध लावला होता. फोटोतल्या बाईचं नाव इंग्रिद. टोप्यांच्या दुकानात कामाला होती. काकांनी गल्लीभर मावा कचोरी वाटली.

"काका, तिच्यासाठी इतकं काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

ते आत गेले आणि एक फोटो घेऊन आले. रेल्वे कॉलनीतला गाण्याचा कार्यक्रम. खाली नावांची ओळ, शेवटी 'व अन्य'. मागच्या रांगेत, उजवीकडून दुसऱ्या काकू. तोंड उघडं, नजर वर.

"तिनं महिनाभर तालीम केली. म्हणे, तुम्ही या. मी म्हटलं, ड्युटी हाय. बदलून मागितली असती तर भेटली असती. मागितलीच नाही." फोटोवरून बोट फिरवत म्हणाले, "घरात ती गुणगुणे. पुरा आवाज लावून कशी गाते, ते मले माहीतच नाही."

त्यांनी पेन पुढे केलं. "तुमचं अक्षर चांगलं हाय. लिहून द्या नं. वत्सला."

मी फोटोच्या मागे जपून लिहिलं, 'वत्सला वानखेडे'.

काकांनी चष्मा सारखा करून वाचलं.

"माझं नाव कायले जोडलं?" ते हळूच म्हणाले. "मी तर ऐकायले गेलोच नव्हतो."