चूलबंद पाहुणे आणि पीयूषचा राखणदार

लेकीच्या, रियाच्या लग्नाला आठ दिवस उरले होते आणि चिखल्याच्या गोविंदरावांना डोळे मिटले की पुऱ्या दिसत होत्या. थोरल्या विनिताच्या लग्नात पुऱ्या संपल्या होत्या. ती बातमी पुरी थंड व्हायच्या आत तलासरीला पोचली आणि अकरा वर्षं झाली तरी अजून परतली नव्हती. बाजारात कोणी नुसतं "यंदा चिकू कसा?" असं विचारलं, तरी गोविंदरावांना टोमणा वाटे. पुन्हा कमी पडलं असतं तर त्यांना वाडी सोडून समुद्रात राहायला जावं लागलं असतं.

"अंदाज बंद, बाबा," धाकटा पीयूष म्हणाला. "आकडा पाहिजे."

पीयूष मुंबईच्या एका कंपनीचं काम चिकूच्या झाडाखाली बसून करत असे. त्यानं पायथनमध्ये एक सोय केली. प्रत्येक पाहुण्याला मोबाईलवर लिंक जाणार, तो नाव, फोन आणि किती जण येणार ते भरणार, की ते थेट यादीत. पायथन म्हणजे अजगर, हे कळल्यावर त्याच्या आईनं, नर्मदाबाईंनी, तेवढ्या कोंबड्या झाकून घेतल्या. यादीच्या तोंडाशी त्यानं तपासणी बसवली होती. नाव रिकामं चालणार नाही, फोन नेमका दहा आकडी, माणसं एक ते वीस.

"राखणदारच म्हणा ना," तो म्हणाला.

"आपल्या पांड्यासारखा?" गोविंदरावांनी विचारलं. वाडी राखणारा पांड्या इतका चोख, की एकदा टोपी न घालता आलेल्या गोविंदरावांनाच त्यानं फाटकावर अडवलं होतं.

"पांड्यापेक्षा कडक."

तो किती कडक आहे हे बघायला पीयूषनं खोटे पाहुणे एकामागून एक दारावर धाडले. शून्य माणसं आणणारा अडला. नऊ आकडी फोनवाला अडला. उणे पाच माणसं घेऊन आलेल्याला तर पायरीही चढता आली नाही. बत्तीस शिस्तीचे पाहुणे मात्र, प्रत्येकी वीस माणसं घेऊन, मानानं आत गेले. अशा चाचणीसाठी वेगळी, फेकून द्यायची यादी ठेवतात. पीयूषनं लग्नाचीच वापरली. आणि ती पुसणार, तेवढ्यात आईनं त्याला मांडववाल्याकडे पिटाळलं.

मग लिंक गेल्या. आता आपल्याकडे बोलावणं असतं ते चूलबंद. घरातले झाडून सगळे या, त्या दिवशी चूल पेटवू नका. अशा बोलावण्याला डोकी मोजत नाहीत. मोजली तर दृष्ट लागते आणि एखादं मोजायचं राहिलं तर भांडण लागतं. तेव्हा 'किती जण' या रकान्यात लोकांनी 'चूलबंद' लिहिलं. काहींनी 'सगळे' लिहिलं. धाकट्या डहाणूच्या संगीतामावशीनं 'होड्या परतल्या तर जास्त' असं लिहिलं. राखणदारानं सगळ्यांना लाल अक्षरांत एकच उत्तर दिलं: माहिती चुकीची, प्रवेश नाही.

मावशीनं फोन लावला. "नर्मदे, चाळीस वर्षं तुझ्या घरी जेवतेय मी. आता प्रवेश नाही?"

"तू ये गं."

"येणारच. सुना, जावई, जावयाची आई, सगळ्यांना घेऊन येणार. बघतेच कोण अडवतो ते."

आठवडाभर फोन वाजत राहिला. नर्मदाबाई वाल सोलत बसायच्या, ज्याला त्याला "या हो" म्हणायच्या आणि फोन ठेवला की कधी सात, कधी अकरा दाणे बाजूच्या पातेलीत टाकायच्या. पीयूषला तिकडे बघायला वेळ नव्हता. यादीची बेरीज सहाशे चाळीस आली होती आणि तो खूश होता. सरावलीच्या आचाऱ्याला, हितेशला, त्यानं बजावलं की लिंकवर बघ आणि तेवढंच कर. हितेश "हा भाई" म्हणाला.

लग्नाच्या सकाळी पीयूषनं यादीतली नावं पहिल्यांदा वाचली. पहिला पाहुणा, दुसरा पाहुणा, असे थेट बत्तिसावा पाहुणा. त्यांच्याखाली कोणीच नाही. तेवढ्यात रस्त्यावर टेंपो थांबू लागले, आणि प्रत्येकातून रागावलेली माणसं उतरून संपेनात. चांगली नऊशे. पीयूषनं वडिलांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. गोविंदरावांनी मांडवाचा खांब धरला, तसा खांबही हलला.

पहिली पंगत उठली. दुसरी उठली. पाचवी उठली, तरी पुऱ्या येतच होत्या. मावशीच्या जावयाच्या आईनं हात आडवा धरला, तेव्हा गोविंदराव चुलाण्याकडे गेले.

"हितेश, सहाशे चाळीसमध्ये एवढं बसवलंस कसं?"

"कसले सहाशे चाळीस, काका? लिंकमध्ये माझा नंबर टाकला, तर बोलते चुकीचा. चौदा वर्षं टेंपोवर तोच लिहिलाय." नंबराआधी त्यानं शून्य लावलं होतं. "मग काकीला विचारलं. काकीने वालाची पातेली हातात दिली. बोलली, मोजून घे."

मागोमाग आलेल्या पीयूषनं जाऊन आईला गाठलं.

"तुझा राखणदार ज्याला हाकलतो, तो मला फोन करतो," नर्मदाबाई म्हणाल्या. "आणि रागावलेला माणूस येतोच. सगळं बरोबर भरून आत गेलेल्यांपैकी कोण आलाय, दाखव."

शेवटच्या पुरीपर्यंत आकडा सांगणारं पीयूषचं यंत्र आता तलासरीपर्यंत गाजतंय. गोविंदरावांनी अजून कोणाचा गैरसमज दूर केलेला नाही. लग्नघरची माणसं यंत्र मागायला येतात आणि पीयूष देतोही, थोडी दुरुस्ती करून. 'चूलबंद' लिहिलं, की यंत्र आता चुकीचं म्हणत नाही. गुपचूप नर्मदाबाईंचा मोबाईल नंबर दाखवतं. दहा आकडी आहे, तपासून घेतलाय.

नर्मदाबाईंनी यंदा वाल दुप्पट लावलाय.